घुमेपणाला विरक्ती म्हणू नका

आपल्या धर्मग्रामात एखादा कर्ता पुरुष निवर्तला, की दफनभूमीतून परतताना त्याच्याविषयी जे चार शब्द बोलले जातात त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘माणूस फार शांत होता हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.’ ऐकणारे माना डोलावतात. त्या वेळी मागून चालणाऱ्या त्याच्या विधवेच्या चेहऱ्याकडे सहसा कुणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाचे भांडण या वाक्याशी आहे. मृतांची निंदा करू नये हे मला मान्य आहे. परंतु मृतांच्या उणिवांना सद्गुण ठरवून त्या जिवंतांच्या गळ्यात बांधणे हेही योग्य नव्हे.

प्रथम माझ्या घरचेच सांगतो. माझे वडील रेल्वेत गार्ड होते आणि आमचे बालपण पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. निर्व्यसनी, प्रामाणिक, रविवारची मिस्सा न चुकवणारे गृहस्थ. गार्डाजवळ दोन निशाणे असतात, एक हिरवे आणि एक लाल. घरातही त्यांची दोनच निशाणे होती : ‘हूं’ आणि ‘उंहूं’. आम्हा भावंडांना सहलीसाठी पाच रुपये हवे असले तर अर्ज आईकडे करावयाचा. आई तो रात्री जेवणानंतर पुढे पाठवी आणि निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आईमार्फतच कळे. आई म्हणजे आमच्या घरातले पोस्ट ऑफिस होते. वडील गेले तेव्हा प्रवचनात ‘विरक्त’ हा शब्द तीन वेळा आला. घरी परतल्यावर आई पाण्याचा पेला हातात धरून एवढेच म्हणाली, ‘विरक्त असतील. मला चाळीस वर्षांत ते कळलेच नाहीत.’

तेव्हापासून हा शब्द मला डाचतो आहे.

मराठी भाषा या बाबतीत फार सावध आहे. अबोल, मितभाषी, धीरगंभीर हे शब्द तिने एका बाजूला ठेवले आणि घुमा, तुटक, तुसडा, कोरडा, आतल्या गाठीचा, माणूसघाणा हे दुसऱ्या बाजूला. अबोल माणूस कमी बोलतो. पण तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलात तर तो सरकून जागा करून देतो. घुमा माणूस शेजारी बसलेला असूनही तिथे नसतो. हा भेद आपल्या आज्यांना ठाऊक होता. आपण मात्र धर्माच्या नावाखाली तो पुसून टाकला आणि घुमेपणावर विरक्तीची झूल घातली. त्यातून आपल्याकडचा गमतीचा भाग असा, की हाच पुरुष स्टेशन रोडवरच्या हॉटेलात एका कटिंग चहावर दोन तास गप्पा छाटू शकतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून टाळ्या घेणारा हा गडी उंबरठा ओलांडला की मुका होतो. तेव्हा हा स्वभावदोष आहे, बोलताच येत नाही, ही सबब निदान सरसकट मान्य करता येत नाही.

आपल्या घरांत या घुमेपणाला सर्वांत मोठा आधार मिळतो तो संत योसेफाचा. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही, म्हणून आदर्श बाप हा न बोलणारा असतो, असा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. ज्यांनी तो केला त्यांनी संत लूकचा दुसरा अध्याय पुन्हा उघडावा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवतो, तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, आणि मरिया त्याला विचारते ते स्वतःपुरते विचारत नाही. तुझा बाप आणि मी, आम्ही दोघेही व्याकूळ होऊन तुला शोधत होतो, असे ती सांगते. म्हणजे योसेफाची व्याकुळता मरियेला दिसली होती आणि ती मुलासमोर सांगण्याजोगी होती. शब्द नोंदले गेले नाहीत म्हणून माया नव्हती असे कुठे ठरते? पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफावर जे पत्र लिहिले त्याचे नावच ‘पित्याच्या अंतःकरणाने’ अशा अर्थाचे आहे, आणि त्यात त्यांनी योसेफाला कोमल, प्रेमळ पिता म्हटले आहे. आपण त्याची तसबीर भिंतीवर लावली आणि त्याचे केवळ मौन उचलले.

दुसरा आधार संतांच्या वैराग्याचा. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेला अनासक्तभाव आपल्याकडील तपश्चर्या शिबिरांतून सांगितला जातो. परंतु तो आहे आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान या निवडींविषयी. बायकोमुलांच्या सुखदुःखाविषयी नव्हे. त्याच इग्नेशियसची १५४४-४५ सालची खाजगी दैनंदिनी पाहिली तर मिस्सेच्या वेळी आलेल्या अश्रूंच्या नोंदी जवळजवळ रोजच्या आहेत. इतक्या, की डोळे जातील की काय, अशी चिंता त्यांना पडली होती!

मग संत जेन दे शांताल यांची गोष्ट पुढे केली जाते. ती आपल्याला परकी नाही. १८३८ साली अ‍ॅनेसी येथे संत फ्रान्सिस दे सेल्स यांच्या नावाने जो मिशनरी संघ स्थापन झाला, त्याच संघाचे फ्रेंच धर्मगुरू पुढे मराठवाड्यात घोगरगावच्या माळावर आले. आणि ही जेन दे शांताल याच फ्रान्सिस दे सेल्स यांची आध्यात्मिक कन्या. १६१० साली ही विधवा धर्मभगिनींचा नवा संघ उभारण्यासाठी दिजों शहर सोडून अ‍ॅनेसीला निघाली, तेव्हा तिचा किशोरवयीन मुलगा दारात आडवा पडला आणि ती त्याला ओलांडून गेली. कथा इथे थांबवली, की घुम्या बापांना हवे ते प्रमाणपत्र मिळते. पण कथा इथे थांबत नाही. ती थबकली, ढसाढसा रडली. आणि तुमचे धैर्य कुठे गेले, असे कुणी विचारताच, मी आई आहे, अशा अर्थाचे उत्तर तिने दिल्याचे परंपरा सांगते. धाकट्या मुलीला तिने सोबत नेले होते. मुलाला ओलांडून जाणे बरोबर होते का, याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे. पण ती कोरड्या डोळ्यांनी गेली नाही.

आणि इतक्या दूर फ्रान्सला तरी कशाला जावे? गोदावरीकाठचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात तिथे जन्मलेली एक मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला धाडली गेली. आईबाप दुरावलेले, जात शूद्राची, पदरी दळणकांडण आणि शेणगोठा. कोरडे व्हायला कुणाला कारण असेल तर ते जनाबाईला होते. तिने काय केले? तिने देवालाच घरचा माणूस केला. तिच्या अभंगांतला विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. ती त्याला आई म्हणते, त्याच्यावर रुसते आणि रागावली की शिव्या देते. आपण ख्रिस्ती माणसे तिचा विठ्ठल पूजत नाही. परंतु ईश्वराशी इतक्या सलगीने बोलणारी बाई आपल्या मातीत होऊन गेली आणि आपण मात्र गुडघे टेकून छापील प्रार्थना म्हणतो, उठतो, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या स्वतःच्या बायकोशी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही, हे मला विचित्र वाटते. प्रभू येशूही लाजराच्या कबरीपाशी रडला. गेथशेमनी बागेत त्याने मित्रांना, माझ्याजवळ जागे राहा, अशी विनवणी केली. पेत्राला त्याने, माझ्यावर प्रेम करतोस का, हे एकदा नव्हे, तीन वेळा विचारले. आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी कुणाला विचारला आहे?

आता कुणी म्हणेल, की हे पोटभर जेवलेल्यांचे दुखणे आहे. तसे नाही. दसरा-दिवाळी उलटली की गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतील गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी होते. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. मागे राहिलेली लेकरे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. परत आलेल्या आईकडे तिचे मूल धावत जात नाही, आजीच्या पदराआड उभे राहून परक्याकडे पाहावे तसे पाहते, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं झालं, रडलंसुद्धा नाही!’

हे शहाणपण नव्हे. जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्यकाने आणि त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने याच गोष्टीचा अभ्यास केला. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत आईबापांना मुलांना भेटायला फारसे येऊ देत नसत. १९५२ साली रॉबर्टसनने लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या आठ दिवसांच्या इस्पितळवासाचा चित्रपट केला. आईपासून तुटलेले मूल प्रथम आक्रोश करते, मग खचते, आणि अखेरीस अलिप्त होते, असे या दोघांनी दाखवून दिले. ही तिसरी पायरी परिचारिकांना सुधारणा वाटे. मूल ‘रुळले’ असे त्या म्हणत. वस्तुतः त्याने आशा सोडलेली असे. लॉराचे ते आठ दिवस होते. आपल्याकडे पाच-सहा महिने जातात आणि दर वर्षी जातात. ऊसतोड करणाऱ्या आईला मी दोष देत नाही. तिला पोटाने नेले. पण ज्या बापाला कुणी कुठे नेलेले नाही, जो रोज संध्याकाळी सहाला घरात असतो, त्याच्या मुलाने ही तिसरी पायरी का गाठावी?

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी लिहिताना माझा हात अडखळतो. त्यांमागे कर्ज आहे, हुलकावणी देणारा पाऊस आहे, कापूस-सोयाबीनचा पडलेला भाव आहे. घुमेपणाने शेतकरी मरतो असे म्हणणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होईल. तरीही अशा घरी सांत्वनाला गेल्यावर जे वाक्य ऐकू येते ते सांगायलाच हवे : ‘आम्हाला काही बोललेच नाहीत.’ २०१५ साली सरकारने परभणीसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन, झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटतो का, असे विचारावयाचे असते. आता १४४१६ हा ‘टेलिमानस’चा दूरध्वनी क्रमांकही आहे, तो प्रत्येक चर्चच्या फलकावर लावावा, अशी माझी सूचना आहे. पण ‘झोप लागते का’ हे विचारायला बाहेरच्या बाईला दारात यावे लागते, याची आपल्याला लाज वाटायला हवी की नको?

‘राबतो, कमावतो, दोन घास घालतो, आणखी प्रेम ते काय असते?’ हा या पक्षाचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे. तो मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या वडिलांनी रात्र-रात्र ब्रेकव्हॅनमध्ये काढून आम्हाला शिकवले, आणि ज्या पिढीने दुष्काळ पाहिला तिच्यासाठी भरलेली पोती हीच माया होती. पण भाकरी पोटापर्यंत पोहोचते. ती कुणी मायेने दिली की कर्तव्य म्हणून, हे मुलाला कसे कळावे? आणि ज्याला ते कळले नाही तो पुढे स्वतःच्या मुलालाही भाकरीच देतो. मी हे अनुमानाने लिहीत नाही.

प्रायश्चित्त संस्कारापूर्वीच्या आत्मपरीक्षणासाठी आपल्याकडे छापील पत्रके मिळतात. खोटे बोललो का, रागावलो का, मिस्सा चुकवली का. बायकोशी आठ दिवस अबोला धरला का, मुलाने काही सांगायला तोंड उघडले तेव्हा वर्तमानपत्र वर केले का, हे प्रश्न माझ्या हाती आलेल्या एकाही पत्रकात नाहीत. मिस्सेच्या आरंभी मात्र आपण जे करायचे राहिले त्याचीही क्षमा मागतो. आमच्या धर्मगुरूंना विनंती, की येत्या उपवासकाळात मांसाहार सोडायला सांगताना हा अबोलाही सोडायला सांगावा. आणि गृहभेटीला येताना आशीर्वादाची घाई न करता घरच्या पुरुषाला चार प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे. काही धर्मगुरू स्वतःच इतके अंतर राखून असतात, की त्यांच्याकडून ही अपेक्षा करावी की नाही, असा प्रश्न पडतो, असो.

माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. रविवारी रात्री त्याचा फोन येतो. आजवर आमचा संवाद ठरलेला : ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘बरं, घे, आईशी बोल.’ मागच्या रविवारी मी फोन तिच्या हाती दिला नाही. पलीकडे तो जरा घाबरला आणि ‘सगळं ठीक आहे ना, पप्पा?’ असे त्याने दोनदा विचारले. मग आम्ही पावसावर बोललो, दुधनेच्या पाण्यावर बोललो, आणि बऱ्याच वेळाने तो त्याच्या साहेबाविषयी काहीतरी सांगू लागला.