कॅमेरा आधी कोणत्या रस्त्यावर?



१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा बळी गेला. त्या रस्त्यावर कॅमेरे आणि संगणकाची यंत्रणा बसवायला विरोध करणे शहाणपणाचे नाही. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर गाडीने किती वेळात कापले यावरून तिचा वेग निघतो. बंद पडलेली गाडी नियंत्रण कक्षात बसलेल्याला दिसते. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे तेथे हे हवेच.

माझे भांडण वेगळे आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याला बुलढाणा जिल्ह्यानेही जमीन दिली, पण ट्रॅक्टर आणि दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. मज्जाव योग्यच. मग आपला कापूस जातो कुठून? बीबीवरून जाणाऱ्या जुन्या जालना-मेहकर रस्त्याने. शहराला शहर जोडणारा रस्ता आधी, असे म्हणताना साहेबांच्या डोळ्यांपुढे हा रस्ता नसतो.

वेचणीच्या दिवसांत ट्रॉली भरेपर्यंत दिवस मावळतो. कापूस वजनाला हलका, पसाऱ्याला मोठा. तो ट्रॉलीबाहेर लोंबतो आणि मागचा दिवा असलाच तर झाकून टाकतो. मागून ट्रक ताशी ७२ किलोमीटरने येत असेल तर तो सेकंदाला २० मीटर कापतो. ड्रायव्हरला ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायला रस्ता उरत नाही.

आता कडू बोलतो. दिवा नसलेली ट्रॉली सरकारने बांधलेली नाही. डांबरावर ज्वारीची कणसे पसरून वर दगड ठेवणारेही आपणच. कृषी पदवी घेताना मला कापसाच्या धाग्याची लांबी मोजायला शिकवले, ट्रॉलीच्या दिव्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. मीही संघटनेत इतकी वर्षे भावावरच बोललो.

तेव्हा मागणी अशी करू: समृद्धीवर यंत्रणा बसवा, पण तिच्याच खर्चात जुन्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावाच्या तोंडाशी सौर उर्जेवर लुकलुकणारा दिवा आणि येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारी पाटी लावा. जुन्या रस्त्यावर अपघात झाला तर महामार्गाची रुग्णवाहिका इकडेही वळली पाहिजे. १०८ ची गाडी लांब असली की घायाळ माणूस रस्त्यावर पडून राहतो.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावाजवळची धोक्याची वळणे कागदावर लिहून आणा. गावात ट्रॉल्या किती आणि मागे लाल रिफ्लेक्टर कितींना, तेही मोजून आणा. तो आकडा साहेब आपल्याला विचारणारच.