दोन गुणांनी

क्रिकेटचा सामना असला की चहाचे कप आणता-नेता आपणही टीव्हीपुढे क्षणभर थांबतो. ‘किती झाले? कोण आउट झाला?’ एवढे विचारण्यापुरता तो खेळ आता सगळ्या घरांना कळतो. बास्केटबॉलचे तसे नाही. शाळेच्या मैदानाच्या टोकाला उभे असलेले दोन लोखंडी खांब, वर एक गंजकी कडी आणि जाळीचा पत्ता नाही, इतकीच आपली त्याच्याशी ओळख. त्यामुळे २०१७ च्या जुलै महिन्यात बंगळूरला आपल्या मुलींनी जे करून दाखवले, ते तुमच्यापैकी फार थोड्याजणींच्या कानावर आले असेल. पुरुषांच्या क्रिकेटचे असते तर एव्हाना तोंडपाठ झाले असते, नाही का?

थोडे आधीपासून सांगते. आशिया खंडातल्या महिला संघांची ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. बलाढ्य संघ वरच्या ‘अ’ गटात, बाकीचे ‘ब’ गटात. २०१३ साली बँकॉकला भारत वरच्या गटात पाचवा आला होता. ती मोठीच मजल होती. पण २०१५ मध्ये चीनमधल्या वुहानला घसरण झाली आणि आपण खालच्या गटात आलो. पुन्हा वर चढायचे तर ‘ब’ गटात पहिले यायला हवे. दुसऱ्या नंबराला तिथे काही मोल नाही.

२३ ते २९ जुलै २०१७ या आठवड्यात दोन्ही गटांचे सामने बंगळूरला झाले. भारताच्या मुली एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत आल्या आणि समोर उभा राहिला कझाकस्तान.

खेळ कसा असतो, तेही दोन ओळींत सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी घरातली मंडळी तुम्हाला गप्प बसवणार नाहीत. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. एका वेळी मैदानावर पाचजणी. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत कडीकडे टाकलाच पाहिजे. कडी जमिनीपासून दहा फुटांवर. जवळून टाकलेल्या चेंडूला दोन गुण, लांबच्या रेघेबाहेरून टाकलेल्याला तीन. धक्काबुक्कीचे पाच फाऊल झाले की ती मुलगी बाहेर. चाळीस मिनिटे अखंड धावपळ असते. फलंदाजीसारखे आपली पाळी येईपर्यंत बसून राहणे नाही!

तो सामना भारताने ७५–७३ असा जिंकला. दोन गुण म्हणजे एकच चेंडू, बरं का. तो एक चेंडू कडीच्या काठावर घुटमळून बाहेर पडला असता तर बरोबरी आणि पाच मिनिटांचा जादा खेळ. वरच्या गटाचा अंतिम सामना तर याहूनही चुरशीचा झाला. जपानने ऑस्ट्रेलियाला ७४–७३, म्हणजे एका गुणाने हरवले.

या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिने भारताच्या संघाचे नेतृत्वही केले. पण मला आज तुम्हाला सांगायचे आहे ते २०१७ च्या कर्णधाराविषयी. अनिता पॉलदुराई ही चेन्नईची, दक्षिण रेल्वेत नोकरीला. एकोणिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा भारताची कर्णधार झाली. आशियाई अजिंक्यपदाच्या नऊ स्पर्धा ती खेळली. मधल्या काळात लग्न झाले, मूल झाले, आणि तरी ती पुन्हा संघात परतली. बंगळूरला चषक उचलला तेव्हा तिचे वय बत्तीस होते. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

बाळंतपणानंतर जिना चढताना धाप लागते, हे आपल्याला काय नवीन सांगायचे! ओटीपोट सैल पडलेले, रात्रीची झोप तुटलेली. अशा शरीराला पुन्हा चाळीस मिनिटे पळायला लावायचे म्हणजे महिनोन्‌महिने हळूहळू व्यायाम वाढवत न्यावा लागतो. आणि बाई मैदानावर असते तेव्हा घरी मूल कोणाच्या तरी मांडीवर असावे लागते. आई असेल, सासू असेल, नवरा असेल. त्या मांडीचे नाव कुठल्याच गुणफलकावर लागत नाही. तुमच्यापैकी ज्या आता सासूबाई झाल्या आहेत, त्यांनी हे जरा मनावर घ्यावे. कॉलेजात खेळलेली सून सकाळी तासभर मैदानावर जाते म्हणाली, तर त्या तासाचा कुकर कोण लावणार एवढाच खरा प्रश्न असतो. तो सोडवता येण्यासारखा आहे.

मुलीचेही तसेच. आठवी-नववीत गेली की ‘आता पुरे, दहावीचे वर्ष जवळ आले’ म्हणून पहिली काट खेळावर पडते. मुलाच्या क्रिकेटवर ती इतक्या चटकन पडत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल. खेळाचे सवलतीचे गुण आपल्या राज्याच्या बोर्डात मिळतात आणि रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडूंसाठी नोकऱ्याही असतात. त्याची चौकशी शाळेत आधी करा, मग काय ते ठरवा.

ती खेळणार असेल तर दोन-तीन गोष्टींत मात्र काटकसर नको. बूट घोट्याला धरून ठेवणारे आणि मापाचे हवेत, दादाचे जुने चालणार नाहीत. आतले कपडेही खेळासाठीचे, नीट आधार देणारे घ्या. मुली लाजेने मागत नाहीत, आपणच आणून द्यावेत. पाळी सुरू झाल्यावर अंगातले लोह कमी पडते. हिरव्या पालेभाज्या, हळीव, कडधान्ये आणि वर लिंबू पिळायला विसरू नका, त्याने लोह अंगी लागते. फारच थकलेली दिसली तर रक्त तपासून घ्या. आणि गुडघे! उड्या मारण्याच्या खेळात मुलींच्या गुडघ्याच्या आतल्या बंधांना मुलांपेक्षा अधिक इजा होते. उडी मारून खाली येताना गुडघे वाकवून, अलगद कसे यायचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट कसे करायचे, हे शिकवतात की नाही, असे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. आई विचारते म्हटल्यावर त्यांनाही लक्ष द्यावे लागते.

वर चढल्यावर पुढे काय झाले, हेही लपवून ठेवत नाही. २०१९ मध्ये पुन्हा बंगळूरलाच वरच्या गटात सगळे सामने गेले. २०२१ मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला जपानने आपल्याला १३६–४६ असे हरवले. नव्वद गुणांचा फरक! जपानच्या महिला संघाने त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले होते, आणि उंचीने त्या मुलीही काही ताडमाड नव्हेत.

असा सामना हरून मुलगी एखाद्या संध्याकाळी घरी येईल, तेव्हा ‘कशाला जातेस मग?’ हे वाक्य तेवढे ओठांवर येऊ देऊ नका. अंघोळीला पाणी काढा, गुडघा सुजला असेल तर पंचात बर्फ गुंडाळून द्या आणि गरम भात वाढा. उद्याच्या सरावाची वेळ तीच सांगेल.