काडी आपली, धूर दुसऱ्याच्या नाकात



गळीत हंगाम सुरू झाला, फडातला ऊस निघाला, की चार दिवसांत रानारानांतून धुराचे लोट उठू लागतात. थंडीत हा धूर वर जात नाही, पहाटे गावावर आणि ओढ्याकाठी पांघरुणासारखा बसून राहतो. पाला जाळू नका असे शेतकी खात्यातर्फे आम्ही दरसाल सांगतो, ते जमिनीच्या हितासाठी. औंदा आम्हांला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. हा धूर कोणाच्या नाकातोंडात जातो?

काडी लावून आपण घरी येतो. फडाशेजारी कोप्या घालून राहिलेली बीडकडची टोळी मात्र तिथेच असते. तिची लेकरे तिथेच निजतात. तोडीआधी उभा फड पेटवला, तर तीच माणसे दुसऱ्या दिवशी काजळीत उतरून कोयता चालवतात. "टोळीच म्हणत्या पेटवा," असे काही सभासद सांगतात. खरे आहे. मजुरी टनावर मिळते आणि जळका ऊस लवकर तुटतो. पण म्हणून धूर त्यांना मानवतो असे नव्हे. पोटाची नड आहे म्हणून ते सोसतात.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालचे, हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ सालचा. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यात कोल्हापूर शहराचे नाव आले. पण तो कार्यक्रम शहरांसाठी. हवा मोजायची ती शिवाजी विद्यापीठात आणि महाद्वार रोडला. कोपीजवळ कोणी मोजत नाही. टोळीतल्या माणसाचे नाव आपल्या भागधारकांच्या यादीतही नाही. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही. ज्यांना मत आहे ते काडी लावतात आणि ज्यांना धूर लागतो त्यांना मत नाही. शाहू महाराजांच्या जिल्ह्यातल्या सहकाराला हे शोभणारे नाही.

आता हिशेब बघा. हेक्टरी ८ ते १० टन पाला निघतो. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ४० ते ५० किलो. दोन पोती युरियाइतके नत्र आपण धुरात घालवतो आणि पुन्हा सोसायटीत रांग लावतो. "पाल्यात पाणी फिरत न्हाई," ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी पाला एक आड एक सरीत ओढावा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. खोडव्याला ओल टिकते, तणही कमी येते.

मात्र दहा-वीस गुंठेवाल्या सभासदाला ट्रॅक्टरची कुट्टी परवडत नाही, हे आम्ही जाणतो. नुसता दंड ठेवला तर तो यालाच बसेल. म्हणून आमचे मत असे, की कारखान्याने गटवार कुट्टी यंत्रे ठेवावीत, लहान सभासदाचा नंबर आधी लावावा आणि भाडे उसाच्या बिलातून हप्त्याने घ्यावे. टोळी उतरली आहे त्या शिवारात काडी लागूच नये.

आणि नियम सभासदाला एक, कारखान्याला दुसरा, असे चालणार नाही. धुराड्याची राख बैलगाडीच्या तळावर आणि शेजारच्या वस्तीवर पडते, तीही गरिबाच्याच ताटात. राख धरणारे वेट स्क्रबर हंगामभर नीट चालले पाहिजेत. धुराड्याच्या तपासणीचे आकडे वजनकाट्यावर, सर्वांना दिसतील असे लावले पाहिजेत.

सरकारी माणूस बांधावर येईल तेव्हा येईल. फड आपला आहे, सभाही आपली आहे. येत्या वार्षिक सभेत गटागटांतून असा ठराव यावा, आणि ज्यांना तिथे बोलता येत नाही त्यांच्या वतीने आपण हात वर करावा, ही नम्र विनंती.

ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते