उडान योजना: अनुदान संपल्यावर तुमचे विमान सुरू राहील का?

जवळच्या लहान विमानतळावर विमानसेवा सुरू झाली आणि काही काळाने बंद पडली, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. असे का होते, ते समजून घेऊ या.

योजना काय आहे?
‘उडे देश का आम नागरिक’, म्हणजेच उडान योजना ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाली. 27 एप्रिल 2017 रोजी शिमला-दिल्ली मार्गावर पहिले विमान उडाले. सुरुवातीला सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी 2,500 रुपये भाडेमर्यादा होती. ही सवलत विमानातील साधारण निम्म्या जागांनाच मिळते. त्या जागांवरील तूट सरकार तीन वर्षे अनुदानातून भरून देते.

अडचण कुठे येते?
विमान जमिनीवर उभे असले तरी भाडेपट्टा, देखभाल आणि वेतन यांचा खर्च थांबत नाही. म्हणून प्रत्येक विमानाच्या दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या व्हाव्यात, हे कंपनीचे उद्दिष्ट असते. लहान विमानतळावर धुक्यामुळे एक फेरी अडली, की त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्याही कोलमडतात. विमाने मोजकी असतील तर कमी कमाईची फेरी आधी रद्द होण्याची शक्यता जास्त. फेरीचा भरवसा राहिला नाही, की प्रवासी पुन्हा रेल्वेकडे किंवा बसकडे वळतात. मग तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहत नाही.

आकडे काय सांगतात?
नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार उडान-3 पर्यंत 774 मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी 371 सुरू झाले, 112 मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यानंतरही टिकले ते फक्त 54.

याचा अर्थ काय?
दोष एकट्या कंपनीचा नाही. अनुदानाला मुदत आहे. पण उपचारांसाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या रुग्णाच्या गरजेला मुदत नसते. त्यामुळे मार्ग किती सुरू झाले यापेक्षा किती नियमित चालले, हा निकष अधिक महत्त्वाचा आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?
- सवलतीच्या जागा मर्यादित असतात. तिकीट लवकर काढा.
- तुमच्या मार्गाची तीन वर्षांची मुदत कधी संपते, याची चौकशी करा.
- कंपनीने फेरी रद्द केल्यास पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.