खड्डा एका रात्रीत पडत नाही

नव्याने भरती झालेल्या जवानाच्या पावलातले हाड कधी कधी मोडते. तो पडलेला नसतो, मार बसलेला नसतो. १८५५ मध्ये प्रशियाच्या लष्करातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी कवायतीने सुजलेल्या पायांचे हे दुखणे नोंदवले. मोडलेले हाड दिसले ते पुढे क्ष-किरण आल्यावर. तोच तो भार हजारो वेळा पडला आणि सांधायला उसंत मिळाली नाही, की हाड दगा देते.

कोल्हापूरच्या रस्त्यांचेही हेच होते. ‘काल तर इथे खड्डा नव्हता,’ असे दुचाकीस्वार म्हणतो. काल तो दिसत नव्हता, एवढेच.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून झीज मोजली गेली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सोळा पट होते. आपल्याकडे रस्ता आखताना ८.१६ टनांचा आस प्रमाण धरतात. डांबरी थराच्या तळाशी किती ताण येईल, खालची माती किती दबेल, याचे गणित त्यावरून संगणकावर मांडतात. २०१८ मध्ये चार चाकांच्या आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. म्हणजे नियम पाळणारा आसही प्रमाण आसाच्या जवळपास चौपट झीज करतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या नियम किती पाळतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

तरीही इथला खरा मारेकरी पाणी आहे. दबाई नीट झाली नाही तर थरात पोकळ्या राहतात, त्यांत पाणी मुरते आणि चाकाच्या दाबाने डांबर खडीपासून सुटते. यासाठी चाचणी आहे: भिजवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या निदान ८० टक्के भरली पाहिजे. प्रयोगशाळेत ती भरतेही. पण भर पावसात निवलेल्या मालावर रोलर फिरवला, तर त्या कागदाला काय अर्थ? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला. शहरातल्या गल्ल्यांत मात्र महापूर लागत नाही, तुंबलेले गटार पुरते.

डांबराला थोडी स्वतःची भरपाई येते. उन्हाने तापले आणि वाहतुकीची उसंत मिळाली, तर केसाएवढ्या भेगा मिटतात. पाणी शिरलेल्या भेगेला ती सवलत नाही.

या सगळ्याची किंमत मोजते ती मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई. पाण्याने भरलेला खड्डा चालवणाऱ्याला दिसत नाही, तिला धरायला काही नसते, डोक्यावर हेल्मेट नसते. डोके आधी आपटते.

म्हणून ठेकेदाराचे बिल निघण्यापूर्वी तयार रस्त्याचे गाभे कापून त्यांची घनता तपासावी आणि आकडे प्रभागात फलकावर लावावेत. आणि गटार व नळाची कामे डांबर पडण्याआधी उरकावीत. नव्या रस्त्यात महिन्याभरात चर खणला, की पाण्याला आयते दार मिळते.