रस्त्यावरचा उपद्रव, कायदा आणि आपण सभासद



गळीत हंगाम सुरू झाला की पुसेगावच्या रस्त्याने उसाच्या गाड्यांची रीघ लागते. ती पाहून आम्हांला आनंदच होतो, कारण त्या गाड्यांत आपल्या सर्वांचा वर्षभराचा घाम असतो. पण गेल्या हंगामात अंधार पडल्यावर याच रस्त्यावर एक भरलेली ट्रॉली उभी दिसली. टायर बसलेला, मागे ना दिवा ना लाल फडके, आणि ड्रायव्हर जेवायला गावात गेलेला. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको आले, बाईच्या मांडीवर लेकरू. ब्रेक लागला म्हणून तिघे वाचले. ती माउली आम्हांलाच म्हणाली, "काय हो, हा रस्ता कारखान्याला आंदण दिलाय का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कायद्याजवळ मात्र उत्तर आहे. सर्व लोकांना, किंवा आसपास राहणाऱ्या लोकांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य म्हणजे सार्वजनिक उपद्रव. करायचे ते न केल्यामुळे तसा त्रास झाला, तरी तोही उपद्रवच. ही व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २६८ मध्ये होती. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने ती संहिता आपल्याकडे १९५१ साली लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून हीच व्याख्या आता कलम २७० मध्ये आहे. तिच्यातले एक वाक्य प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे असे आहे. उपद्रवामुळे कोणाची सोय होते किंवा फायदा होतो, म्हणून तो माफ होत नाही. "ऊस वाळतोय, गाडी थांबवून कसे चालेल?" ही आपली नेहमीची सबब तिथे टिकत नाही.

आता शिक्षेचे बघू. जुन्या कायद्यात साध्या उपद्रवाला २०० रुपयांपर्यंत दंड होता. १८६० साली ती रक्कम भारी होती, पण २०२४ पर्यंत तोच आकडा राहिला आणि दंडाची भीतीच गेली. नव्या कायद्यात कलम २९२ प्रमाणे हा दंड १,००० रुपयांपर्यंत आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण केला तर कलम २८५ प्रमाणे ५,००० रुपयांपर्यंत. सार्वजनिक झऱ्याचे वा हौदाचे पाणी जाणूनबुजून घाण केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपद्रव बंद करा असा अधिकाऱ्याचा मनाई हुकूम झाल्यावरही तो चालू ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आणि हयगयीने कोणाचा जीव गेला तर गोष्ट दंडावर राहत नाही, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या मते दंडापेक्षा खरा उपाय दुसरा आहे. पोलिसांच्या अहवालावरून किंवा कोणाही नागरिकाने कळवल्यावरून दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा हुकूम काढू शकतात. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. हुकूम कायम होऊनही पाळला नाही तर काम सरकार करून घेते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी याच कलमाने उघड्या गटारांबद्दल दाद मागितली. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने ती सबब फेटाळली. एवढ्या मोठ्या संस्थेची सबब चालली नाही, तिथे आपली काय चालणार?

कोणी म्हणेल, गरीब ट्रॉलीवाल्यावर कशाला कायद्याचा बडगा? म्हणणे खोटे नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या ड्रायव्हरने एकट्याने दंड भरावा आणि ऊस आपला असूनही आपण नामानिराळे राहावे, हे आम्हांलाही पटत नाही. म्हणूनच सुरुवात आपल्यापासून व्हावी. दुसऱ्या गावची ट्रॉली आडवी दिसली की आपण शिव्या घालतो, आपल्या फडातली असली की "हंगाम आहे, चालायचंच." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

आमची मागणी साधी आहे. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा नसलेल्या गाडीत ऊस भरू देऊ नये. हे सभासदाने फडात बघावे आणि शेतकी विभागाने काट्यावर बघावे. रिफ्लेक्टर कारखान्याने पुरवावेत. बिघडलेली गाडी ओढायला प्रत्येक गटात एक ट्रॅक्टर हंगामभर तयार असावा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, तेव्हा ट्रॅक्टरवरची गाणी गावात शिरण्याआधीच बंद व्हावीत. रस्त्याकडेचे पाचट पेटवून वाटसरूंच्या डोळ्यांत धूर घालू नये.

हे येत्या वार्षिक सभेत ठराव म्हणून मांडायचे आमच्या मनात आहे. दरावर आपण तावातावाने बोलतो, ते बोलायलाच हवे. पण त्या सभेत पाच मिनिटे या रस्त्यालाही द्या. पुढच्या हंगामात ती माउली पुन्हा भेटली, तर आम्हांला खाली मान घालावी लागू नये.