लिटर मोजले, बोटे कोण मोजणार?

दुभत्या गाईंवरच्या संशोधनाचा विषय निघाला की कोरडवाहू शेतकऱ्याला दोन आकडे हमखास ऐकवले जातात. गाय एका वेताला किती लिटर दूध देते, आणि त्या दुधाला फॅट किती लागते. आकडे खोटे नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तिघींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' उभी केली, त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू केली आणि कृत्रिम रेतन गोठ्याच्या दारापर्यंत नेले. त्यातून अनेक घरांत दुधाचा पैसा आला. हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

आमचा सवाल वेगळा आहे. कासेखाली भांडे धरून मोजमाप करणाऱ्यांनी, त्या गाईला वैरण घालणाऱ्या हाताचा हिशेब कधी मांडला काय?

२००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात कापूस पिकवणाऱ्यांच्या दारात अनुदानावर संकरित गाई आल्या. उरलेली रक्कम शेतकऱ्याने भरायची. ज्या गावात उन्हाळ्यात माणसाला पाणी टँकरने येते, तिथे ही गाय बांधली. तिला हिरवा चारा पाहिजे, ढेप पाहिजे, मे महिन्यात सावली आणि अंगावर पाणी पाहिजे. कुटारावर आणि धुऱ्यावरच्या गवतावर ती दूध कुठून देणार? अनेकांनी वर्ष-दोन वर्षांत मिळेल त्या भावाला गाय विकली, कर्ज मात्र घरात राहिले. गाय वाईट नव्हती. ती ज्या गोठ्यासाठी तयार केली तो गोठा आमचा नव्हता, एवढेच. आमच्याकडची गवळाऊ, देवणी, लाल कंधारी ही जनावरे दूध कमी देतात खरी, पण त्यांचा गोऱ्हा औताला चालतो आणि ती कडब्यावर तग धरतात. कोरडवाहूच्या हिशेबात हेही उत्पन्नच आहे. लिटरच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

आता हाताकडे येऊ.

दूध वाढवायचे तर गाईच्या पोटात वैरण जास्त गेली पाहिजे. अख्खा कडबा टाकला तर ती पाला ओरबाडते, धांडा पायाखाली तुडवते. म्हणून कुट्टी करायची. जितकी गाय दुधाळ तितकी कुट्टी जास्त, म्हणून यंत्र आले. ते कोण चालवते? दिवसभर कापूस वेचून आलेली बाई, सालदार, नाहीतर शाळेतून आलेले पोरगे. वेळ संध्याकाळची, वीज येईल तेव्हाची. यंत्राचे रोलर पेंढी आत ओढतात आणि पेंढीवरचा हातही तितक्याच निमूटपणे ओढतात. पुढचे सांगायला नको.

हे टाळता येते काय? येते, आणि ते सिद्ध करून झाले आहे. दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत फिरून शेतकामातल्या अपघातांची नोंद केली. कुट्टी यंत्राने हात-बोटे तुटलेल्यांत लहान मुले पुष्कळ निघाली. यंत्राचे चाक मोकळे असते, पोरे खेळता खेळता ते फिरवतात, एकाचा हात पात्यात असतो. त्यांनी सुचवलेले उपाय ऐकून हसू येईल इतके साधे आहेत. काम नसताना चाक अडकवून ठेवायला एक खिट्टी. पात्यांवर झाकण. आणि रोलरच्या अलीकडे एक जास्तीचा रूळ, म्हणजे हात फार पुढे गेला की त्या रुळाचा धक्का लागतो आणि माणूस सावध होतो. गावचा लोहारही हे करून देईल. हे संशोधन प्रसिद्ध होऊनही आता बरीच वर्षे झाली. जातिवंत वळूच्या रेतमात्रा नळकांड्यातून खेड्याखेड्यांत पोचल्या, खिट्टी मात्र पोचली नाही!

मळणी यंत्रासाठी १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पेंढी सारताना हात पात्यांपर्यंत पोचू नये अशी लांब, झाकलेली पन्हळ असावी, हा त्यातला मुद्दा. खळ्यावर जाऊन पाहा, किती यंत्रांना ती आहे.

गोठ्यातला दुसरा धोका दिसत नाही. गाय गाभडली किंवा वार पडली नाही की घरातली बाई उघड्या हाताने ती ओढते. सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, रोग अशाच वेळी जनावरातून माणसात येतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. सांधे धरतात. कितीतरी बाया महिनोन्‌महिने मलेरियाची नाहीतर वाताची औषधे खात बसतात, कारण घरात गाय गाभडली होती काय, हे कोणी विचारतच नाही. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचली तर रोगाला आळा बसतो. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस आहे. वार काढायची तर डॉक्टरला बोलवावे, हातमोजे घालावेत, पडलेली वार कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावी, दूध उकळूनच प्यावे. कोवळ्या ज्वारीने किराळ लागेल म्हणून आपण गाईला फडात शिरू देत नाही. तेवढी काळजी घरच्या माणसाची घ्यायला काय हरकत आहे?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो इस्पितळात पडले. तेव्हा कुठे शेतकामातल्या सुरक्षेची चर्चा झाली. मुखपट्ट्या वाटल्या, फोटो निघाले. मुखपट्टी घालून ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत पंप पाठीवर घेऊन किती वेळ चालता येते, हे वाटणाऱ्यांनी चालून पाहिले असते तर बरे झाले असते. गोठा आणि खळे तर त्या चर्चेतही आले नाही.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी घरात सातबारा लागतो. रोलरमध्ये हात गेलेल्या भूमिहीन सालदाराला त्यातले काही नाही. यंत्र मालकाचे, गाय मालकाची, हात तेवढा त्याचा.

आमची मागणी अशी की अनुदानावरचे कुट्टी यंत्र खिट्टी, झाकण आणि सावधानीच्या रुळाशिवाय विकलेच जाऊ नये. भूमिहीन मजूर या योजनेत आला पाहिजे. आणि विद्यापीठांनी कोणत्याही जातीची शिफारस करण्याआधी ती गाय विहीर नसलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, ज्वारीच्या कडब्यावर दोन वेते सांभाळून दाखवावी. दुधाच्या वहीतच तिच्यामागे बाईचे किती तास गेले हेही लिहावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली कुट्टी यंत्रे मोजून आणावीत. किती हाताची, किती विजेची, किती जणांची बोटे गेली आणि त्यांत पोरे किती. नावे नकोत, आकडे पुरेत. खिट्टी लावलेले एक यंत्र बैठकीच्या जागी ठेवण्याची व्यवस्था करत आहोत. गावच्या लोहाराला सोबत आणा, त्याला ते उलगडून पाहू द्या.